तुर्की पिलाव आणि मावळचा तांदूळ

‘शितावरून भाताची परीक्षा’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. संस्कृतात तिलाच ‘स्थालीपुलाकन्याय’ असे भारदस्त नाव आहे. स्थाली म्हणजे भात शिजवायचे भांडे आणि पुलाक म्हणजे त्यातले शीत. भांड्यातले एक शीत बोटांनी दाबून पाहिले की सगळ्या भाताची अवस्था कळते. सगळी शिते दाबत बसावे लागत नाही. हा न्याय प्रथम वाचला तेव्हा मला थोडे हसू आले. कारण आमच्या वडिवळ्याच्या घरी पातेल्यातून एकच शीत काढणे ही सोपी गोष्ट नाही. इंद्रायणी तांदळाचे शीत एकटे येतच नाही. दोन-चार सोबत्यांचा हात धरूनच ते बाहेर येते!

या चिकटपणावरून आमच्या घरात गेल्या माघ महिन्यात एक प्रसंग घडला आणि त्यातूनच हा लेख जन्माला आला. चुलत बहिणीचा साखरपुडा होता. घरात स्वतःच्या खाचरातला तांदूळ पोत्यांनी भरलेला. तरीही पंगतीसाठी कामशेतहून बासमती विकत आणण्याचे ठरले. तात्या, म्हणजे माझे चुलते, म्हणाले, “आपला तांदूळ घरात खायला ग्वाड हाय, पर पाव्हण्यांम्होरं शीत न् शीत मोकळं दिसाय पायजे.” यावर कोणीच काही बोलले नाही. आजीही बोलली नाही. पण तिने त्या दिवशी भात पानात वाढूनच घेतला नाही, हे माझ्या लक्षात आले. जिने साठ वर्षे गुडघाभर चिखलात उभे राहून आवणी केली, तिला आपले पीक पाहुण्यांपुढे ठेवण्याच्या लायकीचे नाही हे ऐकावे लागले होते.

त्याच सुमारास मी इतिहासाच्या अभ्यासासाठी ऑटोमन साम्राज्याविषयी वाचत होते. वाचता वाचता तुर्की लोकांच्या पिलावाशी गाठ पडली आणि एक गोष्ट वाचून मी थबकले. तुर्कस्तानात पिलावासाठी नावाजलेला ‘बाल्दो’ नावाचा तांदूळ बासमतीसारखा लांब-सडक नाही. तो आखूड, जाड आणि पिठूळ आहे. तरीही त्याचा पिलाव सुटसुटीत होतो. मग आपल्याच तांदळाने काय घोडे मारले? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा मागोवा घेण्याचा अल्पसा प्रयत्न केला आहे. स्वयंपाक हा विषय वार्षिक अंकाच्या पानांत शोभेल का, अशी शंका कोणाच्या मनात आल्यास त्यांनी शेवटपर्यंत वाचून मगच निर्णय द्यावा, ही विनंती.

नावांची सोयरीक

प्रथम नावाकडे पाहू. तुर्की भाषेत ‘पिलाव’, फारसीत ‘पोलाव’, आणि आपल्याकडे ‘पुलाव’. या शब्दाचा संबंध वर सांगितलेल्या ‘पुलाक’ या संस्कृत शब्दाशी असावा असे काही अभ्यासक मानतात. तांदळाला तुर्कीत ‘पिरिंच’ म्हणतात. तो शब्द फारसी ‘बिरिंज’वरून आला आणि बिरिंज हा आपल्या ‘व्रीही’चा नातलग समजला जातो. म्हणजे शब्द इकडचे तिकडे गेले आणि वेश बदलून परत आले.

तिकडून इकडे आलेले शब्दही थोडेथोडके नाहीत. आपण सहज म्हणतो तो ‘खिमा’ मूळचा तुर्की आहे. बारीक चिरलेले ते ‘कीमा’. ‘कुर्मा’ हा शब्दही भाजणे-परतणे या अर्थाच्या तुर्की क्रियापदापासून आला आहे. ‘कैची’ आणि ‘तोफ’ हेही तुर्कीच. तोफेबरोबर तर खुद्द तुर्की कारागीरच दख्खनमध्ये आले. विजापूरच्या किल्ल्यावरील प्रसिद्ध मुलूखमैदान तोफ १५४९ मध्ये अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे ओतली गेली, आणि ती ओतणाऱ्याच्या नावापुढे ‘रूमी’ ही उपाधी आहे. रूम म्हणजे त्या काळच्या भाषेत तुर्कस्तान. तेव्हा तुर्की पिलाव आपल्याला अगदीच परका पाहुणा नाही. त्याचे भाऊबंद पूर्वीच आपल्या घरात येऊन राहिले आहेत.

आपल्या साखरभाताचेही एक भावंड तिकडे आहे. केशर घातलेल्या गोड भाताच्या खिरीला तुर्कीत ‘झेर्दे’ म्हणतात. फारसी ‘जर्द’ म्हणजे पिवळा. आपल्या ‘जर्दाळू’तला जर्द तो हाच. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त तांदूळ, खडीसाखर, तूप, सुका मेवा आणि केशर घालून केलेल्या ‘जर्द बिरंज’ची नोंद आहे.

कढईतले राजकारण

ऑटोमन सुलतानांच्या खड्या सैन्याला ‘येनिचेरी’ म्हणजे नवे सैन्य असे नाव होते. इंग्रजी पुस्तकांतून आपण त्यांना जॅनिसरी म्हणून ओळखतो. या सैन्यात पलटणीचा अभिमान निशाणाइतकाच स्वयंपाकाच्या मोठ्या हंड्यात सामावलेला असे. हंड्याला ते ‘कझान’ म्हणत. पलटणीच्या नायकाचा हुद्दाच ‘चोर्बाजी’, म्हणजे रस्सा करणारा, असा होता. पगाराच्या दिवशी राजवाड्यात सैनिकांना रस्सा, पिलाव आणि झेर्दे वाढत. त्यांनी ते खाल्ले तर सुलतानाचा जीव भांड्यात पडे. अन्नाला हात लावला नाही तर काहीतरी शिजते आहे हे ओळखावे! आणि हंडा पालथा घातला तर ते उघड बंड समजले जाई. ‘कझान उचलणे’ हा बंड करणे या अर्थाचा वाक्प्रचार तुर्कीत आजही आहे. सुलतान दुसरा महमूद याने १८२६ मध्ये हे सैन्यच मोडून काढले. हंडे गेले, पिलाव राहिला.

‘खाल्ल्या मिठाला जागणे’ असे आपण म्हणतो त्याचीच ही तुर्की आवृत्ती. पानात पडलेला भात स्वीकारणे किंवा नाकारणे यात किती अर्थ भरलेला असतो, हे वाचताना मला साखरपुड्याच्या पंगतीत भाताविना पान ठेवणारी आजी आठवली.

आणखी एक साम्य नमूद करण्याजोगे आहे. तुर्कस्तानातील सामान्य शेतकऱ्याला पूर्वी तांदूळ परवडत नसे. त्याचा रोजचा पिलाव ‘बुलगुर’चा, म्हणजे गहू उकडून, वाळवून, भरडून केलेल्या रव्याचा असे. तांदळाचा पिलाव सणासुदीला. आमच्या आजीच्या लहानपणी भात पिकवणाऱ्या मावळातही रोजच्या ताटात नाचणी आणि वरईच असे. तांदूळ विकायचा, आणि सणाला शिजवायचा.

शीत चिकटते का?

आता थोडे शास्त्र. तांदळात मुख्यतः पिष्ट असते आणि या पिष्टाचे दोन प्रकार असतात. एक ‘अमायलोज’, त्याची रचना सरळ साखळीसारखी. दुसरे ‘अमायलोपेक्टिन’, ते झाडाच्या फांद्यांसारखे पसरलेले. ज्या तांदळात अमायलोज जास्त, त्याचे शीत सुटे राहते. ते कमी असेल तर भात मऊ आणि चिकट होतो. पाणी साधारण ६० ते ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापले की पिष्टाचे कण पाणी पिऊन फुगतात. काही पिष्ट दाण्याबाहेर येऊन पाण्यात मिसळते, आणि तेच दाण्यांना एकमेकांशी चिकटवते. खळीचे कपडे ज्यांनी इस्त्री केले आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको.

इंद्रायणी हा वाण वडगाव मावळ येथील कृषी संशोधन केंद्रात तयार झाला आणि १९८७ मध्ये प्रसारित झाला. आंबेमोहर-१५७ आणि आय.आर.-८ यांच्या संकरातून तो निर्माण केला आहे. आय.आर.-८ हा फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९६६ मध्ये दिलेला बुटका, भरघोस उत्पन्नाचा वाण. आंबेमोहराचा सुवास आणि मऊपणा इंद्रायणीत उतरला, आणि त्याबरोबर चिकटपणाही. त्याला दोष म्हणायचे की गुण, हे खाणाऱ्यावर अवलंबून. वरण-भात हाताने कालवून खाणाऱ्या माणसाला सुटे शीत घेऊन करायचे तरी काय?

तुर्कस्तानातही अशीच कथा आहे. तेथील एदिर्ने शहरातील संशोधन संस्थेने ‘ओस्मानजिक-९७’ हा वाण काढला आणि एका भातपिकाच्या गावाचे नाव त्याला दिले. जसे आपण नदीचे नाव दिले. बाल्दो मात्र मूळचा इटलीचा. आणि गंमत अशी की, इटलीत याच बाल्दोचा ‘रिझोत्तो’ नावाचा दाट, चिकट भात करतात. तेथे रस्सा थोडा थोडा घालून भात सतत ढवळतात. मग पिष्ट बाहेर येते आणि सगळे मिळून येते. तुर्की माणूस तोच तांदूळ धुतो, भिजवतो, परततो आणि पाणी घातल्यावर त्याला हात लावत नाही. तांदूळ एक, पदार्थ दोन. याचा अर्थ असा की, चिकटणे किंवा सुटे राहणे यातील काही भाग तांदळाच्या जातीचा असला, तरी बराच भाग करणाऱ्याच्या हाताचा असतो. एवढे वाचल्यावर मला स्वस्थ बसवेना.

तीन प्रयोग

पहिला प्रयोग सपशेल फसला. दिवाळीनंतर गिरणीवरून आणलेला नवा तांदूळ घेतला, एकदाच विसळला, सवयीप्रमाणे एका वाटीला दोन वाट्या पाणी घातले आणि काळजीपोटी दर दोन मिनिटांनी डाव फिरवला. परिणामी जे तयार झाले ते पुस्तकाला खळ लावायच्या उपयोगाचे होते. तात्यांनी पातेल्यात डोकावून “तुर्कस्तान लांब हाय अजून” एवढाच अभिप्राय दिला. आजी मात्र म्हणाली, “सारखं ढवळून त्याचा जीव कशाला घेतीस? शिजतंय ते शिजू दे की.” इटली आणि तुर्कस्तान यांच्यातला जो फरक मी पुस्तकातून शोधून काढला होता, तो तिला चुलीपाशी बसून ठाऊक होता.

दुसऱ्या वेळी तोच तांदूळ पाच-सहा पाण्यांनी धुतला, कोमट मिठाच्या पाण्यात अर्धा तास भिजवला, निथळून लोण्यावर परतला आणि पाणी वाटीला सव्वा वाटीच घातले. ढवळले नाही. या वेळी वरचा थर बऱ्यापैकी मोकळा झाला, पण तळाशी गिचका राहिला. सुधारणा होती, पण पाहुण्यांपुढे ठेवण्यासारखा तो नव्हता. मी निराश होऊन सांगून टाकले की, आपल्या तांदळात ते जमणार नाही.

तेव्हा आजीने विचारले, “तांदूळ कंचा घेतलास? औंदाचा?” मी हो म्हटले. ती उठली आणि आतल्या खोलीतून एक पत्र्याचा डबा घेऊन आली. त्यात कडुलिंबाच्या पाल्यात ठेवलेला मागल्या सालचा तांदूळ होता. आजाऱ्याच्या पेजेला जुना तांदूळ हवा म्हणून ती दर वर्षी पाच-सहा किलो बाजूला ठेवते. मग तिने सांगितले की, पूर्वी घरात लग्न निघणार असेल तर एक कणगी वर्षभर फोडतच नसत. लग्नाचा भात जुन्या तांदळाचाच. नव्याचा भात घरच्यांनी खायचा.

तिचे म्हणणे शास्त्रालाही धरून आहे. साठवणुकीत काही महिने गेले की दाणा कठीण होतो, त्यातील प्रथिने आणि दाण्याच्या आतील पेशींच्या भिंती यांत बदल होतात. असा तांदूळ पाणी जास्त पितो, अधिक फुलतो आणि त्यातून पिष्ट कमी बाहेर येते. बासमतीसुद्धा जुनाच उत्तम समजतात, हे आपण पाकिटावर वाचतो. पण ती गोष्ट आपल्या कणगीला लावून पाहत नाही.

तिसरा प्रयोग त्या डब्यातल्या तांदळाचा. तो साधला. बासमतीचे शीत जसे सुईसारखे लांब आणि अलिप्त राहते तसे हे नव्हते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. शीत जाड, मऊ आणि गोलसर होते. पण डाव घातला की एकेक सुटून खाली पडत होते. इंद्रायणीचा वासही टिकून होता.

कृती

ज्यांना घरी करून पाहायचे असेल त्यांच्यासाठी चार माणसांचे प्रमाण देते.

साहित्य : वर्षभर जुना इंद्रायणी किंवा आंबेमोहर तांदूळ दोन वाट्या, बारीक शेवया चुरून पाव वाटी, लोणी किंवा तूप तीन मोठे चमचे, उकळते पाणी तीन वाट्या, मीठ चवीप्रमाणे, लिंबाचा रस अर्धा चमचा. हवे असल्यास एक वाटी शिजवलेले काबुली चणे. मांसाहारी मंडळींनी पाण्याऐवजी कोंबडीचे सूप घ्यावे. तिकडे ती पद्धत आहेच.

१. तांदूळ निवडून कोमट पाण्यात एक चमचा मीठ घालून अर्धा तास भिजवावा. भिजलेल्या दाण्यात पाणी आतपर्यंत पोचते. नाहीतर आतले कच्चे आणि बाहेरचे फुटलेले असा प्रकार होतो.

२. नंतर पाणी बदलत हलक्या हाताने धुवावा. पाणी दुधाळ दिसेनासे होईपर्यंत धुणे थांबवू नये. कांडताना-सडताना दाण्याला लागलेले पीठ येथेच जाते. चाळणीत दहा मिनिटे निथळत ठेवावा.

३. जाड बुडाच्या पातेल्यात लोणी तापवून शेवया तांबूस होईपर्यंत परताव्यात. तुर्की पिलावात पांढऱ्या भातामध्ये दिसणाऱ्या तपकिरी काड्या त्या ह्याच. त्यांना तेथे ‘शेहरिये’ म्हणतात.

४. तांदूळ घालून मध्यम आचेवर चार-पाच मिनिटे परतावा. दाण्याच्या कडा काचेसारख्या दिसू लागतात. दाणे मोडू देऊ नयेत. प्रत्येक दाण्याला स्निग्धतेचा पातळ थर बसला की तो शेजाऱ्याला सहसा चिकटत नाही.

५. उकळते पाणी, मीठ आणि लिंबाचा रस घालून एकदाच हलवावे. चणे घालायचे तर आताच. लिंबाने भात पांढरा राहतो. मोठ्या आचेवर उकळी आली की आच अगदी मंद करून झाकण ठेवावे. यापुढे डाव बाजूला ठेवावा आणि मोहही.

६. बारा ते पंधरा मिनिटांत पाणी आटून भातावर छिद्रे दिसू लागतात. आच बंद करावी. पातेल्यावर स्वच्छ कोरडे फडके पसरून त्यावर झाकण घट्ट बसवावे आणि वीस मिनिटे तसेच राहू द्यावे. झाकणावरची वाफ फडके शोषून घेते. ती थेंब होऊन भातावर पडत नाही, आणि आतला ओलावा सगळ्या दाण्यांत सारखा मुरतो.

७. शेवटी लाकडी डावाने कडेकडेने वर-खाली करून वाढावा.

सहाव्या पायरीला तुर्कीत ‘देमलेमे’ म्हणतात. त्यातील ‘देम’ म्हणजे फारसी ‘दम’, श्वास. आपण बिर्याणी ‘दमावर ठेवतो’ तो हाच दम. माझ्या दुसऱ्या प्रयोगाच्या वेळी फडके मी पाचच मिनिटांत काढले होते. तळाशी राहिलेल्या गिचक्याला तेही एक कारण असावे. पिलावातील सगळ्यांत कठीण पायरी काहीच न करण्याची आहे.

नवाच तांदूळ वापरायचा असेल तर पाणी वाटीला सव्वा वाटीच्या वर नेऊ नये आणि फार अपेक्षा ठेवू नये. त्याची खिचडी करावी, मऊ भात करावा, त्यावर साजूक तूप घ्यावे. तेथे त्याचा हात धरणारा कोणी नाही.

तुर्की लोक पिलावाबरोबर पांढऱ्या घेवड्याची रस्सेदार उसळ आणि दही आवडीने खातात. आम्ही घरच्या पावट्याची उसळ आणि ताक घेतले. कोठेही विजोड वाटले नाही.

समारोप

या खटाटोपातून मला काय मिळाले? पिलाव करता येऊ लागला हे खरे, पण ते दुय्यम. साखरपुड्याच्या वेळी आम्ही तांदळाला दोष दिला होता. तो दोष तांदळाचा नव्हता, हे मुख्य. सुगी झाली की पैशाची निकड असते. शाळा-कॉलेजच्या फिया, सोसायटीचे हप्ते असतात. म्हणून भात घरात आला की गिरणीवर जातो आणि गिरणीवरून बाजारात. वर्षभर दोन पोती राखून ठेवण्याची ऐपत आणि सवय दोन्ही मोडली, कणगी गेली, आणि तिच्याबरोबर जुन्या तांदळाची चवही गेली. मग नव्या तांदळाचा चिकट भात पाहून आपणच म्हणू लागलो की, आपला तांदूळ पंगतीला चालत नाही. आमच्या शिवेला लागून असलेली काही खाचरे विकली जाऊन तेथे तारेची कुंपणे आणि बंगले उभे राहिले आहेत. जमीन विकण्यामागे कारणे पुष्कळ असतात आणि त्यांचा निवाडा करण्याचा मला अधिकार नाही. पण ज्या पिकाची आपल्यालाच लाज वाटू लागते, ते पीक टिकवण्यासाठी माणूस फार धडपडत नाही, एवढे मात्र मला कळले.

अभ्यासक म्हणून आणखी एक धडा मिळाला. एका शितावरून भाताची परीक्षा करावी हे ठीक. पण ते शीत कोणत्या सालचे आहे, ते किती पाण्यात शिजले आणि त्याला किती दम दिला, हे विचारल्याशिवाय निकाल देऊ नये. हा नियम भातापुरताच आहे असे मला वाटत नाही.

तिसऱ्या प्रयोगाच्या दिवशी आजीने पान मांडून घेतले. पातेल्यातले एक शीत उचलले, अंगठा आणि तर्जनीत दाबून पाहिले आणि “बरा झालाय” म्हणाली. तिच्या तोंडून याहून मोठी शाबासकी मी कधी ऐकलेली नाही. तात्यांनी दोनदा भात मागून घेतला. बोलले मात्र काही नाहीत. धाकट्या बहिणीचे लग्न पुढच्या वर्षी करायचे घाटत आहे. यंदाच्या सुगीनंतर भाताची दोन पोती गिरणीवर गेलेली नाहीत. ती माळ्यावर, कडुलिंबाच्या पाल्यात आहेत.